सासूबाई आल्या की टिकणारी शेकोटी

३ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळ.
बायको, म्हणजे विनी, सकाळच्या बसनं स्किप्टनला गेली, बहिणीकडे. ग्लॅडिसच्या घरी म्हणे ऊब असते. आमच्या घरी नसते असा त्याचा अर्थ. असतेही आणि नसतेही, असं मी म्हणेन. दिवाणखान्यातली गॅसची शेकोटी पहिल्या झटक्यात पेटते, खोटे निखारे छान लालबुंद होतात, आणि आपण चपला काढून पाय पुढे केले की थोड्या वेळात आधी खालची बारीक ज्योत थरथरते, मग टक् असा आवाज, मग अंधार.

जाताना विनी म्हणाली की शेकोटी एक अख्खी संध्याकाळ टिकली की कळव, तरच नाताळाला येईन, आणि कृपा करून गॅसवाल्याला बोलाव. गॅसवाल्याला! पंधरा वर्षं साप्ताहिकात ‘ऊब आणि उपाय’ हा कॉलम कोण लिहितं? उद्या दारात गॅसवाल्याची गाडी दिसली तर गल्ली काय म्हणेल?

आणखी एक गोष्ट म्हणाली, की या खोलीत कोंडल्यासारखं होतं, जरा खिडकी उघडत जा. यॉर्कशरमध्ये, डिसेंबरात, डोंगराच्या कुशीतल्या दगडी घरात खिडकी! ग्लॅडिसची शिकवण.

संकल्प: नाताळाच्या आत शेकोटी स्वहस्ते दुरुस्त करणे.

४ डिसेंबर, बुधवार.
पद्धतशीर विचार केला. दोष ऊब बाहेर जाण्यात नक्कीच नाही. तो बंदोबस्त ऑक्टोबरातच झालाय. खिडक्यांच्या फटीत कागदाच्या पट्ट्या, दाराला नमद्याची किनार, उंबऱ्याशी वाळू भरलेली कापडी लांबोडी. सोफ्यामागे भिंतीत कुणा बेअक्कल गवंड्यानं मुद्दाम भोक ठेवून वर जाळी बसवली आहे. तिच्यातून माळावरचा वारा थेट मानेवर यायचा. कपाटामागे पडलेलं एक करडं लोकरी फडकं त्यात कोंबलं. मापाचं असल्यासारखं बसलं. त्यावर कॉलमही लिहिला, शेवटच्या परिच्छेदात वाचकांना हीच युक्ती दिली. छापून आलेलं मी वाचत नाही. लेखकानं मागे वळून पाहू नये.

तेव्हा दोष यंत्रात आहे. उद्या यंत्र.

५ डिसेंबर, गुरुवार.
सगळे निखारे काढले. ज्योतीचं तोंड दात घासायच्या ब्रशनं घासलं (विनीचा, ती विसरून गेलीय). निखारे परत रचले. एक उरला. माहितीपुस्तकात रचनेची आकृती आहे, पण मी स्मरणानं रचले, आणि नंतर ताडून पाहिलं तर माझी रचना अधिक सुबक आहे. उरलेला निखारा घड्याळाशेजारी ठेवला, शोभतो.

पुस्तकाचं पहिलं पान वाचलं नाही. ते नेहमीचंच असतं: अभिनंदन, आपण उत्तम वस्तू निवडलीत, वगैरे.

पेटवली. विझली. डोकं भयंकर दुखतंय, जरा मळमळतंयही. याला जुने लोक विरह म्हणत असावेत. या वयात, इतक्या लवकर, तेही स्किप्टनपायी! विनीला कळवावं का? नको. डोक्यावर बसेल.

७ डिसेंबर, शनिवार.
सासूबाई आल्या. मागच्या गल्लीत राहतात, वय ऐंशीच्या पुढे, आवाज गिरणीतला. त्या काळी मागांच्या खडखडाटावरून बोलायची सवय लागली, ती गिरण्या बंद पडल्या तरी सुटली नाही. दार सताड उघडं टाकून आत आल्या. मी म्हणालो, दार. त्या म्हणाल्या, “अरे तुलाच जवळ आहे.” मग खिडकीशी बसल्या, पट्ट्या टराटरा ओढून काढल्या, वीतभर खिडकी उघडली आणि सिगारेट पेटवली. धूर बाहेर सोडतात, म्हणजे सभ्यपणा झाला असं त्यांना वाटतं.

मी कोट घालून बसलो. त्यांनी माझी चहाची किटली संपवली, दुसरी संपवली, पोर्क पाय (डुकराचं मांस भरलेली भाजकी कचोरीच म्हणा) आणला होता तोही बराचसा स्वतःच संपवला. दिवे लागणीपासून रेडिओवरच्या बातम्यांपर्यंत बसल्या.

आणि शेकोटी पेटून राहिली. सबंध वेळ! ज्योत हलली नाही.

जाताना विचारत होत्या, विनीची करडी शाल सापडली का. चॅपलच्या गायनवृंदात घालायची ती, त्यांनी स्वतः विणलेली. ऑक्टोबरापासून घरभर शोधाशोध चाललीय. मी म्हणालो, गायनवृंदातल्या मिसेस पिकल्सवर नजर ठेवा, ती बाई नेहमी उबदार दिसते. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, मनुष्य चोर कोणाला म्हणतो त्यावरून त्याची जात कळते.”

त्या गेल्या. दार लावलं, खिडकी लावली, पट्ट्या परत चिकटवल्या, लांबोडी सरकवली. चहाचा कप तोंडाला लावतोय तोच टक्.

डोकं परत दुखायला लागलं. त्या असेपर्यंत दुखत नव्हतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

८ डिसेंबर, रविवार.
चॅपलला गेलो नाही. विचार केला. सासूबाई असताना ज्योत आहे, नसताना नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळतात. शेकोटी सासूबाईंना भिते. यात आश्चर्य नाही, मीही भितो. पण मी भीतीनं विझतो, ती भीतीनं जळत राहते, एवढाच फरक.

प्रयोग: त्यांचा लग्नातला फोटो शेकोटीवरच्या फळीवर ठेवला, निखाऱ्याशेजारी, तोंड खाली ज्योतीकडे करून. पेटवली.

विझली. फोटो पुरेसा नाही. आवाज लागत असावा.

१० डिसेंबर, मंगळवार.
विनीचा फोन. विचारलं शेकोटीचं काय. मी म्हणालो, प्रगती आहे, कारण जवळजवळ सापडलंय. कोणतं? म्हणालो, गुंतागुंतीचं आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही. ती म्हणाली, तुझा आवाज बरा येत नाहीये, जेवतोस ना? म्हणालो डोकं दुखतं, संध्याकाळीच दुखतं. ती म्हणाली, मलाही तिथं रोज संध्याकाळी दुखायचं, इथं आल्यापासून नाही दुखलं.

दुखावलो. नवऱ्यापासून लांब गेल्यावर डोकं दुखायचं थांबलं हे असं तोंडावर सांगायचं असतं का?

१२ डिसेंबर, गुरुवार.
सासूबाईंना रोज चहाला बोलवायचं ठरवलं. गरजवंताला अक्कल नसते, पण युक्ती असते. आज पहिलाच दिवस, त्यांना इतका संशय आला की मी काही मागणार आहे का म्हणून पर्स घरीच ठेवून आल्या. त्या, त्यांची सिगारेट, त्यांची उघडी खिडकी. मी टोपी घालून बसलो.

शेकोटी टिकली. त्यांच्यासाठी नियमानं पोर्क पाय आणावा लागणार. ही इंधनाची नवी तऱ्हा झाली.

१५ डिसेंबर, रविवार.
विजय. विनीनं परस्पर आईला फोन केला. सासूबाई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, “अगं रोज बघते की मी, संध्याकाळभर ढणढण पेटलेली असते. नवरा तेवढा टोपी घालून बसतो, तो त्याचा स्वभाव.” विनी म्हणाली, मग चोवीस तारखेला येते.

आनंदानं पेटवली (एकटाच होतो).

विझली. आता लक्षात आलं, मी काय करून बसलोय.

१७ डिसेंबर, मंगळवार.
सासूबाईंना पडसं. येणार नाहीत. मी सूप घेऊन गेलो, उद्या याल ना म्हणून विचारलं. डोळे पुसत म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तुला नकोशी होते रे, आज काय एवढं प्रेम उतू चाललंय?”

घरी: पेटवली, विझली. पेटवली, विझली. पेटवली. हात जोडले. विझली. जेवणाची इच्छा नाही. कोट, टोपी, मफलर, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. घड्याळाशेजारचा निखारा माझ्याकडे बघून हसतो असं वाटतं. कपाटात टाकला.

विनी परत गेली तर या वेळी कायमची जाईल. बोलून दाखवलं नाही तिनं. तिच्या सामानात या खेपेला हिवाळी बूट होते आणि उन्हाळी चपलाही. मी पाहिलं होतं. लिहिलं नव्हतं.

१९ डिसेंबर, गुरुवार.
निर्णायक उपाय. ज्योत टिकत नाही म्हणजे बटणाची पकड सुटते. बटण दाबलेलंच राहिलं पाहिजे. कपडे वाळत घालायचा चिमटा, त्यावर पुस्तकांचा लोखंडी टेकू, त्यावर शब्दकोश. पाचर पक्की. दार-खिडक्या बंद, लांबोडी जागेवर. पेटवली. पाय पुढे केले.

त्याच दिवशी, नंतर.
पुढचं सासूबाईंच्या सांगण्यावरून. पडसं अंगावर घेऊन त्या शाल सापडली का विचारायला आल्या, तर मी खुर्चीत वाकडा, हाकेला ओ नाही. त्यांनी पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, खिडकी उघडली, गॅस बंद केला, आणि शब्दकोश, टेकू, चिमटा सगळं अंगणातल्या बर्फात भिरकावलं. मग कॉलर धरून मला उंबऱ्याबाहेर ओढलं. ऐंशीच्या पुढची बाई! पायरीवर बसून उलटी झाली. डोकं दुखायचं हळूहळू थांबलं. त्यांनी दिलेल्या साखर घातलेल्या चहामुळे थांबलं असं माझं मत.

त्यांनी सिगारेट काढली आणि न पेटवताच परत ठेवली, हे मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहिलं. मग म्हणाल्या, “विस्तव विझतोय तर विझू दे रे. माणूस नको विझायला.”

मी म्हणालो, सगळी ऊब गेली बाहेर.

गॅसवाल्याला फोन त्यांनीच केला, तेही माझ्यासमोर. नाताळानंतरच येणार. तोवर शेकोटी पेटवायची नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं. शब्दकोश भिजून फुगलाय.

२४ डिसेंबर, मंगळवार.
विनी आली. सोबत सासूबाई. बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, “काय रे हे, पेटीत आल्यासारखं वाटतंय.” मी स्वेटर पुढे केला. तिनं घेतला नाही.

झाड ठेवायला जागा हवी म्हणून सोफा सरकवला. तिघांनी मिळून. सोफ्यामागच्या जाळीतून करड्या लोकरीचं एक टोक लोंबत होतं. विनीनं ते धरलं आणि ओढलं. ते येतच राहिलं. झालरीसकट.

मी म्हणालो, फडकं आहे ते.

सासूबाई म्हणाल्या, “दोन हिवाळे विणलंय मी ते फडकं.”

माळावरचा वारा आत आला, सरळ खोलीच्या मधोमध. विनीनं माझ्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, मग शेकोटीकडे. माहितीपुस्तक उचललं आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं. खोलीत हवा येण्याची जाळी कधीही बंद करू नये. ज्वलनाला हवा कमी पडली, वायू धुराड्यातून वर न जाता खोलीत साचू लागला, की शेकोटी आपोआप विझेल. हा बिघाड नव्हे. राहणाऱ्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी ही सोय आहे. अभिनंदन कुठंही नव्हतं.

इतके दिवस ती बिचारी मला वाचवत होती, आणि मी तिच्या तोंडावर शब्दकोश ठेवला.

शेकोटी पेटवायची नाही, गॅसवाला येईपर्यंत. विनीचं म्हणणं, मी तत्काळ मान्य केलं. कोट घालून बसलो तिघं. मग विनीनं अगदी सहज विचारलं, “ऑक्टोबरात तू हेच लोकांनाही सांगितलंस ना? कॉलममध्ये?”

सांगितलं होतं. शेवटचा परिच्छेद. ‘जाळी निर्धास्त बुजवावी’ हे शब्दसुद्धा आठवले. “किती लोक वाचत असतील?” तिनं विचारलं. पंधरा वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी मनात हजारांनी देत आलोय. आज पहिल्यांदा देवाकडे मागणं मागितलं: कुणीही नसो.

२५ डिसेंबर, बुधवार.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या जाळीत मला शाल दिसत होती. सकाळी संपादकाच्या घरी फोन लावला. नाताळाच्या दिवशी. तो टर्की भाजायला ठेवत होता, तसं स्पष्ट सांगितलं त्यानं. मी म्हणालो, ताबडतोब सूचना छापली पाहिजे, माणसं मरतील, शेवटचा परिच्छेद.

तो म्हणाला, कोणता परिच्छेद?

मी शब्दशः म्हणून दाखवला.

तो म्हणाला, “अहो, तुमचा शेवटचा परिच्छेद आम्ही नेहमीच कापतो. खाली गालिच्यांची जाहिरात असते ना.” नेहमी म्हणजे? “पहिल्यापासून.” मग नाताळाच्या शुभेच्छा दिल्या.

फोन ठेवला आणि रडलो. आनंदानं. बराचसा आनंदच होता.

विनीला सांगितलं. म्हणाली, माहीत होतं, दर आठवड्याला वाचते मी, नेहमी मध्येच तुटतं. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, “तू कुणाचं शेवटपर्यंत ऐकून घेतोस का? म्हटलं, तुझंही तसंच राहू दे.” पण हात खांद्यावर ठेवून म्हणाली. आणि उन्हाळी चपला बॅगेतून काढून पलंगाखाली ठेवल्या, हे मी पाहिलं. या वेळी लिहून ठेवतो.

जेवण झालं. सासूबाई खिडकीशी, खिडकी उघडी. शेकोटी थंड. जाळीतून येणारा वारा नेमका माझ्या मानेवर बसतो.

शाल मागितली. मिळाली नाही.