शुक्रवारी बंद पडणारा कॉम्प्युटर

कासाब्लांका,
रविवार, १८ मे

प्रिय गिझलान,

सलाम आणि खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, तोंड मात्र शाबूत आहे. शेजारच्या बत्तूलबाईंचा जावई मंगळवारी माँट्रियलला परत निघालाय. त्याच्या बॅगेत आईने तुझ्यासाठी सेल्लू मिठाई घुसवलीय, यंदा बदाम जास्त घातलेत. त्याच बॅगेत हे पत्र ठेवतो.

मुख्य बातमी म्हणजे कॉम्प्युटर सुधारला. परवा, दर शुक्रवारसारखे आपण दोघं नेटवर खेळत होतो तेव्हा, तू फोनवर म्हणालीस, की हा खटारा आता किल्ल्याचा नवा खेळ पेलणार नाही, म्हणून यंदा येत नाही, तिकिटाच्या पैशांत नवा कॉम्प्युटर पाठवते. मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन आईकडे दिला. ती त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

काल सकाळीच खटारा बाजाराच्या पिशवीत घातला आणि दर्ब गलेफचं मार्केट गाठलं. नवं ग्राफिक कार्ड आपल्याला परवडणारं नव्हतंच. शफीक नावाच्या दुकानदाराने बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतलं जुनं कार्ड काढलं. तू शिकवलंयस तसं मी ते तासभर चालवून दाखवायला लावलं. सातशे दिरहम म्हणत होता. त्याच्या भिंतीवरचं बंद घड्याळ मी तिथल्या तिथे चालू करून दिलं, तेव्हा साडेपाचशेवर आला. आता नवा किल्ला झकास दिसतो, पार बुरुजावरचं गवतसुद्धा.

इथेच सही करणार होतो. पण आईने पत्र वाचलं, कागद माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, सगळं लिही.

तर ऐक. शफीकने कॉम्प्युटर उघडला, मेमरीची पट्टी उपसून उजेडात धरली.

“काका, ही दर आठवड्याला काढता की काय? कड घासलीय बघा.”

मी म्हटलं, खेळता खेळता कॉम्प्युटर बंद पडतो. मग मुलगी फोनवरून पट्टी काढायला, खोडरबरने पुसायला आणि परत बसवायला सांगते.

“पट्टी उत्तम आहे आणि खाचही घट्ट आहे. कुणी हात लावल्याशिवाय ही ढिली व्हायची नाही,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

हात मीच लावतो, पोरी. खेळ संपत आला की पायाने मागची वायर ओढतो. मग पट्टी ढिली करून ठेवतो, म्हणजे कॉम्प्युटर नुसता टूं टूं करत बसतो आणि तुला फोनवर ते ऐकू जातं. चाळीस वर्षं मी घड्याळात केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवत आलो. त्या माणसाला वीतभर पट्टी बसवता येत नाही, हे तुला कसं पटलं कोण जाणे.

खेळ नीट संपला की तू म्हणतेस, “छान खेळलास बा, चल ठेवते.” एरवी फोन आला तर मी तब्येत विचारतो आणि आईला देतो. मला बोलायला येतच नाही गं. पण कॉम्प्युटर बंद पडला की तू तासभर माझ्याजवळ असतेस. पट्टी पुसता पुसताच मला कळलं, की तुझा साहेब तुला छळतो. तू घर बदलल्याचं कळलं. मग एकदा म्हणालीस, की युनूस आता येत नाही, आणि रडायला लागलीस. मी म्हटलं, पट्टी बसत नाहीय, पुन्हा पहिल्यापासून सांग. पट्टी तेव्हा बसलेलीच होती.

या माझ्या खोटेपणापायी तुझं तिकीट जायला नको. नवा कॉम्प्युटर पाठवू नकोस. तीन वर्षं झाली, तूच ये. मला तुझी फार आठवण येते. हे आईने लिहायला सांगितलेलं नाही.

फसवलं म्हणून राग आला असेल, तर फोन करून रागाव. आईजवळ निरोप ठेवू नकोस, मलाच बोल. कितीही वेळ लागू दे.

तुझा खोटारडा,
बा