वायरलेसवरचा आवाज

प्रिय टिल्ल्या,

सहा फुटांचा वैमानिक झालास तरी माझ्यासाठी तू टिल्ल्याच. तुझं विमान परत आलं नाही म्हणून मी काही नाव बदलणार नाही. हवाई छत्रीने उतरताना दिसलास एवढंच कळलंय, पुढचं काही नाही. मी जेवायला बसते आणि तशीच उठते.

तू मला चिडवायचास, ढापणे, तुझं काम म्हणजे पगारी कोकलणं. खरंच आहे ते. तुम्ही रडारला न दिसता गुपचूप जाणार, आणि आम्ही या बिनखिडकीच्या खोलीतून शत्रूच्या रडारवर इतका गोंगाट ओतणार की त्यांना धड काही कळू नये. विमानाचा एक स्क्रू वर राहिला तरी ते दिसतं, असं तू एकदा ऐटीत सांगत होतास आणि तुझ्याच शर्टाचं बटण तुटून लोंबत होतं. परवा बॉम्ब टाकायला तू पोटाखालचे दरवाजे उघडलेस आणि तेवढ्यात दिसलास. माझा गोंगाट चालूच होता रे. कुठे कमी पडला ते शोधून शोधून डोकं फुटायची वेळ आली आहे.

गोंगाटापेक्षा सोंगात माझा हात चांगला. नसलेली विमानं त्यांच्या पडद्यावर उडवायची, त्यांनी त्या सोंगांवर क्षेपणास्त्रं उधळली की आम्ही एकमेकींना टाळ्या द्यायचो. आता तेही ही विद्या शिकलेत. मागच्या खेपेला आपल्याच माणसाचा हुबेहूब आवाज काढून त्यांनी सुटकेचं हेलिकॉप्टर बोलावून घेतलं आणि पाडलं. त्यातली नर्स मेसमध्ये माझ्या शेजारी बसायची.

आज दुपारी तुझ्या वायरलेसवरून आवाज आला. घोगरा, तुटक. ताई, मी आहे, ताई, लवकर या, एवढंच. ओळख पटवायचे प्रश्न विचारायच्या आत बंद पडला. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, भावाचाच आवाज आहे का. बाहेर हेलिकॉप्टरचे पंखे फिरत होते, आत माणसं बसली होती. मला एकच सुचलं, या कार्ट्याने जन्मात मला कधी ताई म्हटलं नाही. मी म्हणाले, नाही, हे सोंग आहे. पंखे थांबले.

संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. शहाणपणा केलास, असं तिच्या तोंडून ऐकायचं होतं मला. ती म्हणाली, अगं, लहानपणी तो पाण्याच्या टाकीत पडला तेव्हा तू शाळेत होतीस, आणि बाहेर काढेपर्यंत त्याने ताई, ताई असाच टाहो फोडला होता. घाबरला की ताईच म्हणतो तो, तुझ्यासमोर म्हणत नाही इतकंच. मी साहेबांकडे धावले. ते म्हणाले, पुन्हा आवाज आल्याशिवाय हेलिकॉप्टर हलणार नाही. आला तर तुम्हीच बोला, पण काय बोलायचं ते आत्ताच लिहून ठेवा, ऐन वेळी शब्द फुटत नाही. म्हणून हे लिहायला बसले आणि भलतंच लिहीत गेले. कानात नुसती खरखर आहे. टिल्ल्या, एकदा बोल रे. काहीही म्हण, मी हो म्हणेन.

तुझीच,
ढापणी