कोरसची जागा

प्रिय आनंदराज,

सप्रेम जयभीम. फोनवर तू विषय बदलतोस आणि मग मीही गप्प बसते, म्हणून लिहिते आहे. आई माझ्याकडे नांदेडलाच आहे. गुडघे दुखतात, पण चालते. लातूरच्या घराला कुलूप आहे. शेजारच्या धुरपताबाई अंगण तेवढं झाडून घेतात.

मागच्या महिन्यात प्रियदर्शनीनं तुझी मुलाखत मोबाईलवर लावली. मामा दिसतोय म्हणून आम्ही सगळे बसलो. एकच तुकडा मशीनवर फिरवत ठेवायचा आणि त्यावर दुसरा चढवायचा, हे लूपचं संगीत तुला कुठून सुचलं, असं त्या माणसानं विचारलं. तू चार-पाच परदेशी नावं घेतलीस, बंगळूरच्या मित्रांची घेतलीस. मग हसून म्हणालास, आमच्या घरी संगीताचं असं काही वातावरण नव्हतं. आईनं विचारलं, "काय म्हणाला गं?" मी म्हटलं, आवाज नीट आला नाही.

वातावरण नव्हतं. अण्णांचा डबा घेऊन आपण डाळमिलमध्ये जायचो, तेव्हा चाळणी सुरू असली की तू पत्र्याला कान लावून उभा राहायचास. घरी येऊन ताटावर तोच ठेका धरायचास. आईनं ताट ओढून घेतलं तर मांडीवर वाजवायचास. "ह्याच्या डोक्यातली मिल बंदच होत न्हाई," असं अण्णा म्हणायचे. कॅसेट अडकून एकच शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला की मी टेप बंद करायला उठायची आणि तू माझा हात धरायचास. यातलं एकही त्या मुलाखतीत सांगण्यासारखं तुला वाटलं नाही.

आणि जयंतीचे दिवस? अण्णांच्या गायन पार्टीबरोबर आपण मुखेडकडच्या गावांत जायचो. तुला कोरसमध्ये, नागसेनकाकांच्या ढोलकीशेजारी बसवायचे. अण्णा ओळ टाकायचे आणि थांबायचे. ती ओळ कोरसनं उचलायची आणि फिरवत राहायची. तेवढ्यात अण्णा घोटभर पाणी प्यायचे, पुढचं आठवायचे. त्यांचा डावा हात वर गेला की कोरस बंद, आणि पुढची ओळ त्यांची. एकदा तू डोळे मिटून म्हणतच राहिलास. नागसेनकाका माईकवरच म्हणाले, "आरं थांब की बाबा, तुझ्या बापाला बी गाऊ दे!" सगळा मंडप हसला. अण्णाही हसले.

बोलतानाही त्यांची तीच सवय होती. अर्धं बोलून थांबायचे, आपण 'हं' म्हटलं की पुढचं. आजारपणात दम लागायला लागल्यावर ते थांबणं फार लांबलं. डॉक्टरांना वाटायचं बोलणं संपलं, ते पुढच्या खाटेकडे जायचे.

मुलाखतीच्या शेवटी तुझं नवं काम ऐकवलं. आधी मिलसारखी धडधड. मग अण्णांचा आवाज. "आनंदा, ये की रं." पुन्हा तेच. पुन्हा तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मान खाली घातलीस. मला त्या मान खाली घालण्याचाही राग आला. हाक आली तेव्हा तू आला नाहीस, तुझा कार्यक्रम होता. पोचलास तो खांदा द्यायला. नंतर अण्णांच्या पुण्यानुमोदनाला त्यांचीच पार्टी गायली, तेव्हा काकांनी तुझ्यासाठी जागा ठेवली होती. तू मागे खांबाला टेकून उभा राहिलास.

आता आई रोज संध्याकाळी प्रियदर्शनीला तेच लावायला सांगते. मला वाटलं, आवाज ऐकून तिला बरं वाटत असेल. तसं नाही. ती पुढची ओळ यायची वाट बघते. ती येत नाही. परवा म्हणाली, "हाका मारत मारतच गेला बघ माणूस." मी म्हटलं, आई, ते पुढंही बोलले होते, फोन माझ्याच हातात होता. म्हणाली, "माझ्या समाधानासाठी बोलायलीस तू." त्या दिवसापासून ती नीट जेवत नाही.

पुढं होतं, आनंद. तुला तो व्हॉइस मेसेज पाठवताना मीच अण्णांचा फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला होता. "ये की रं" म्हणून ते थांबले. बराच वेळ थांबले. मी बटण सोडलं नाही. मग म्हणाले, "सुट्टी न्हाई मिळाली तर राहू दे. मी काय रुसलो न्हाई. तुझ्या मायला तेवढा फोन करत जा." हे तू कापलंस, की ते थांबले तिथं संपलं असं समजून ऐकलंच नाहीस, मला माहीत नाही. कापलं असशील तर माझं तुझ्याशी काही बोलणं उरलेलं नाही. ऐकलं नसशील, तर कोरसमध्ये वाढलेल्या पोराला अण्णांचं थांबणं ओळखू आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यांचा फोन दवाखान्याच्या गर्दीत चोरीला गेला. तो आवाज आता फक्त तुझ्याकडे आहे. तुझं संगीत तू कर, पण हा मेसेज आईला पूर्ण पाठव. खाली ठेका टाकू नकोस. मधली शांतता काढू नकोस. तिथं आई 'हं' म्हणेल.

तुझीच,
समीक्षाताई