उजव्या जोड्याची शिवण

९ जानेवारी

पाय सापडले! आणि कुणाचे? सासूबाईंचे!

मोठ्या भावजींकडे जेवायला गेलो होतो. सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि मी बोलता बोलता त्यांच्या पायांकडेच बघत राहिले. पुढे पसरट, टाच अरुंद, करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. हुबेहूब! हजार वर्षांपूर्वीचा तो जोडा, विहिरीच्या गाळात सापडलेला, कोण्या बाईचा. त्याचं माप मी गेले कित्येक दिवस पाठ करत्येय. तसाच दुसरा शिवून देणं काही अवघड नाही, तोच माझा धंदा. पण संग्रहालयाच्या बाईंना दोन जोड हवेत — एक कोराकरकरीत आणि एक घालून घालून झिजलेला, खऱ्याच्या शेजारी ठेवून बघायला. झिजवायला पायही तसाच नको का?

पिशवीतून टेप काढला आणि म्हटलं, आई, जरा पाय बघू.

"इतक्या वर्षांत माझ्याकडे नीट बघितलं नाहीस. आज बघितलंस ते पायांकडे!"

सगळे हसले. मीही हसले, पण लागलं. खरं होतं ना.

१२ जानेवारी

जोडा झिजायचा तर रोज पायात हवा, आणि रोज मला तपासता यायला हवा. म्हणजे सासूबाईंनी आमच्याकडे राहायला यायचं. आमचं घर ते केवढं — स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि माझी कामाची खोली. "तिथे खाट टाकू," हे माझ्याच तोंडून निघून गेलं. आता बसा!

ती खोली म्हणजे काय, कातड्यांची वखार. दोरीवर कातडी, फळीवर पायाच्या आकाराची लाकडी कलबुतं, खिडकीत शिंगाच्या फण्या, हाडाच्या सुया, लाकडी चमचे — सगळी हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची रोजची चीजवस्त, माझ्या हातची. या घरात राहायला आलो तेव्हा सासूबाई एकदा आत डोकावल्या होत्या आणि नाकाला रुमाल लावून बाहेर गेल्या होत्या. मी विसरलेले नाही.

भांडी विसळताना नवरा म्हणाला, दादा-वहिनी लेकीकडे कायमचे राहायला चाललेत. तिकडे जागा नाही. आईसाठी दादाने वृद्धाश्रम बघितलाय, चांगला आहे, बाग आहे, नर्स आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. "तुझे जोडे झाले की दादा येऊन तिला थेट तिकडेच नेईल."

मी म्हटलं, बरं.

तोही म्हणाला, बरं. आणि तीच बशी परत विसळली.

२० जानेवारी

सासूबाई आल्या. एक ट्रंक, एक रेडिओ, तोंड फुगलेलं.

नेमका आज जोडा सुलटा करायचा होता. खाटेवर बसून सगळं बघत होत्या. "उलटा का शिवलास?" सांगितलं — हा आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात, मग भिजवून मोज्यासारखा उलथतात. शिवण आत राहते, जमिनीला घासत नाही. ओलं कातडं, त्यात जाड तळ. टाच निघाली, पुढचं टोक निघेना. घामाघूम झाले. "थांब, मी धरते," म्हणून उठल्या, आणि हात पुढे करून तशाच राहिल्या. बोटांचे सांधे सुजलेले, मूठ वळत नाही. मला माहीतच नव्हतं.

"वय झालं," म्हणाल्या आणि रेडिओ लावला.

२३ जानेवारी

जोडे वाळले. पायात चपखल! बाजूची चामड्याची वादी त्यांना बांधता येत नाही. खाली बसून मी बांधली. दोघीही दुसरीकडेच बघत होतो.

२ फेब्रुवारी

वेड लागेल मला!! पहाटे रेडिओ. चहा गोड, मग फिका, मग गार. आणि आज माझ्या सगळ्या आऱ्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या! आऱ्या जाडीप्रमाणे लावतात! "उंचीने लावल्या की डोळ्यांना बरं वाटतं," म्हणे. मी आरीने भोकं पाडते, आई, प्रदर्शन नाही भरवत. वर "वास येतो गं तुझ्या खोलीला". माझ्या खोलीत बसून!

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, थोडेच दिवस आहेत. त्याला आईचं काही आहे की नाही कोण जाणे.

११ फेब्रुवारी

चाल बदलली! आधी टाच आपटत चालायच्या, खालचे भाडेकरू तक्रार करतील असं. या जोड्यांत टाच आपटली की कळ थेट डोक्यात जाते. म्हणून आपोआप बोटं आधी टेकतात, हलकेच. आज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या, एकट्या. गाल लाल. "अगं, खडा न् खडा कळतो पायाला! ऊन कुठे आहे, सावली कुठे आहे, तेसुद्धा!"

रोज वादी बांधताना आता मी वर बघते. त्याही बघतात.

१९ फेब्रुवारी

संग्रहालयाच्या बाई आल्या, खऱ्या जोड्याचे मोठे फोटो घेऊन. अंगठ्यापाशी ठिगळ आहे. तिथेच का झिजलं असेल, यावर आमची चर्चा. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "दाराला लाथा मारत असणार. सासूशी पटत नसेल."

बाई चष्मा काढून हसल्या. म्हणाल्या, असा पुरावा काही नाही.

"सुनेला विचारा. तिला माहीत असेल."

मला इतकं हसू आलं की हातातलं मेण खाली पडलं. आईंना विनोद करता येतो! आणि हे मला आत्ता कळतंय.

२६ फेब्रुवारी

उजव्या जोड्याची शिवण सुटली. अंगठ्यापाशी, चार टाके. माझी शिवण! आजवर कुणाचा एक टाका परत आला नाही माझ्याकडे.

आता परत भिजवा, उलटा करा, शिवा, सुलटा करा, कलबुतावर वाळवा. तोवर झिजवणं बंद.

५ मार्च

नवरा विचारत होता, किती दिवस लागतील? म्हटलं, भावजींना कळव, लांबलं. "कळवतो," म्हणाला. त्याला म्हटलं, तू नोकरी करतोस त्या चष्म्याच्या दुकानातून एक मोठं भिंग आण, सुताचं काय होतंय ते बघू दे. आणतो म्हणाला.

१६ मार्च

परत सुटली! तिथेच! सूत बदललं होतं. मेण जास्त लावलं होतं. आरीही बारीक वापरली होती. हात गेला का माझा? संग्रहालयाच्या बाईंना फोन केला, लाजेने मेल्यासारखं झालं. चांगल्या आहेत, मुदत वाढवून दिली.

भिंग आणायला विसरला.

२३ मार्च

दोन दिवस तापाने पडून होते. नवरा दुकानात. सासूबाईंना गरम भांडं उचलता येत नाही, तर एकेक पेला दोन्ही तळव्यांत धरून आणत होत्या. पाणी, मग चहा, मग परत पाणी. डोळे मिटून मी नुसती त्यांची पावलं ऐकत होते. या जोड्यांचा आवाज कसा — थप्प, थप्प, अगदी मऊ. स्वयंपाकघरात गेल्या, आल्या. लहानपणी ताप आला की माझी आई घरात वावरायची, तसं वाटलं. आईला जाऊन किती वर्षं झाली.

डोळे उघडले तर म्हणाल्या, "झोप गं. मी आहे."

मग उशीत तोंड घालून रडले. तापामुळे असेल.

३१ मार्च

भिंग विसरला. परत!! या माणसाला डोकं शरीराला जोडलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही दुकानात विसरून आला असता.

३ एप्रिल

शिवण तिसऱ्यांदा सुटली. मीच उठून दुकानात गेले. हा गिऱ्हाइकाकडे गेला होता, मालकांनी लगेच भिंग काढून दिलं. "मागायचं तरी, तेव्हाच दिलं असतं," म्हणाले.

झिजून तुटलेल्या सुताचं टोक पिंजारतं, जुन्या ब्रशसारखं. ही टोकं साफ होती. सगळी.

कुणीतरी कापलीत.

४ एप्रिल

घरात तिघंच. आम्ही दोघं आणि त्या.

आधी संताप आला. माझी अब्रू, बाईंना केलेले फोन, माझ्या हातावरचा माझा विश्वास! मग सुटलेला जोडा भिजवायला खाली बसले. त्यांनी विचारलं, "आज नाही ना झालं?" मी म्हटलं, नाही, अजून वेळ आहे. त्यांचे खांदे असे खाली आले! मग पटकन रेडिओचं बटण फिरवायला लागल्या.

त्यांना कळलंय. जोडे झाले की आपल्याला नेणार, हे कळलंय. आणि जाववत नाही. सांगवतही नाही.

मी परत शिवायला घेतलं. सावकाश शिवते आहे.

१० एप्रिल

उद्या भावजी येणार, आता थांबता येत नाही म्हणे. वृद्धाश्रमाच्या कागदावर आईंची सही हवी. नवऱ्याला म्हटलं, तू काही बोलणार आहेस की नाही? म्हणाला, "मी काय बोलू? खोली तुझी आहे." आणि पेपर उघडला. उलटा.

दिवसभर खोलीत नुसती बसून होते. ही खोली मिळेपर्यंत मी जेवणाच्या टेबलावर काम केलंय, पोळपाटाशेजारी कातडं ठेवून. पहिल्या दिवशी इथे खिळा ठोकला तो स्वतःच्या हाताने. दार लावता येतं, कुणी हाक मारत नाही. एवढीच जागा आहे जगात जी फक्त माझी आहे. नाही द्यायची मला. खरंच नाही द्यायची.

आणि त्यांना पाठवायचंही नाही.

११ एप्रिल

भावजी आले. फार थकलेले दिसले, बिचारे. वाईट नाही माणूस. कागद काढला आणि म्हणाले, "आई, तुला एक सांगायचंय."

"सांगू नकोस. बहिरी नाही मी."

सासूबाई आपल्या पायांकडे बघत बसलेल्या. मग मीच म्हटलं — आई कुठेही जाणार नाहीत. ती खोली त्यांची. मी स्वयंपाकघरात बसेन.

नवरा ताडकन उठून मोरीत गेला आणि नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. भावजी माझ्याकडे बघत राहिले, मग रुमाल काढून नाक शिंकरलं.

सासूबाई म्हणाल्या, "मला विचारलं का कुणी?"

विचारलं. राहाल का, आई?

"आऱ्या मी लावते तशा राहणार असतील तर."

राहतील, म्हटलं. उंचीने तर उंचीने!

१३ एप्रिल

सगळं हललं. कलबुतं ताटांच्या फळीवर, कातडी गॅलरीत. स्वयंपाकघराला वास येतोय. दुपारी जरा रडू आलं, मग सासूबाईंनी आतून हाक मारली — त्यांच्या खोलीतलं अर्धं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. "एवढं मला कशाला? इकडे बस. दार लावून घेत जा. मी काही बोलणार नाही." दहा मिनिटं खरंच बोलल्या नाहीत.

२४ एप्रिल

जोडे आज संग्रहालयात पोचले. तळ खऱ्याइतकाच झिजलाय, बाई खूश. घरी येऊन सासूबाईंना चिडवलं — आता टाके कापायचं काही कारण नाही हं, आई!

"कसले टाके?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. न वळणारी बोटं. "अगं, वादी तू बांधतेस ना माझी?"

रोज बांधते मी! रोज! आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नवरा घरी आला. चांगलं खडसवायचं ठरवून बसले होते. म्हटलं, तू कापलेस? कानापर्यंत लाल झाला. म्हटलं, मला सरळ विचारायचंस ना, आईला ठेवू या का म्हणून.

"तू माझ्याखातर हो म्हणाली असतीस," म्हणाला. "म्हणून नाही विचारलं."