तीन आठवड्यांची शिक्षा आणि माझे घर

मी, नॉरीन आयव्ही पेट्शेल, वय वर्षे एकोणऐंशी, कै. क्लेमेंट पेट्शेल यांची पत्नी, राहणार बेरिनूक, व्हिक्टोरिया, या कागदाने जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचाही दबाव नाही आणि याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझा भाऊ रॉस मकिंडो म्हणेल की म्हातारीला वेड लागले. त्याने खुशाल म्हणावे. आमच्या जिल्हा फुटबॉल संघटनेच्या शिस्तमंडळाचा तो अध्यक्ष आहे. काही न बघता निकाल देण्याची त्याला सवयच आहे.

कलम १. माझी दुर्बीण रॉसला द्यावी. तो मैदानाच्या कडेला गाडीत हीटर लावून सामना बघतो आणि काचेवर वाफ धरलेली असते. दुर्बिणीतून वाफेपलीकडचे दिसत नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम २. क्लेमची सर्व हत्यारे, वेल्डिंगच्या यंत्रासकट, बेरिनूक क्लबला. कॅन्टीनमधला मटणाचे पॅटिस गरम करायचा ओव्हनही माझाच आहे, तोही क्लबला. मात्र "हा आम्ही घेतला" असे यापुढे वार्षिक सभेत कोणी सांगू नये.

कलम ३. डॅरिल स्टब्ज यास काहीही नाही. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एका सामन्यात चेंडू दुसऱ्या टोकाला असताना, या गृहस्थाने मागून येऊन क्लेमचा जबडा मोडला. शिस्तमंडळापुढे क्लेम तारेने बांधलेल्या जबड्यातून म्हणाला, "काही आठवत नाही, साहेब." आमच्याकडे रीतच होती तशी. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याला वाचवायचे. डॅरिल सुटला, अंतिम सामना खेळला आणि जिंकला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "क्लेम, लाज वाटते का रे? जबडाही तुझाच मोडायचा आणि खोटंही तूच बोलायचं?"

"मैदानातलं मैदानात, नोरी," तो म्हणाला आणि नळीने बिअर ओढत बसला.

असे त्याने आणखीही काही जणांना वाचवले. पुढे साठी उलटल्यावर त्याला खरोखरच काही आठवेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, डोक्याला फार मार बसलाय. एका सकाळी त्याने मला विचारले, "बाई, तुम्ही कोण?" त्या दिवशी मी चुलीपाशी बसून मोठ्याने रडले. तेव्हा त्या वाचवलेल्यांपैकी एकही आमच्या दाराशी नव्हता.

कलम ४. माझी गाडी आणि कुत्रा माझी नात ब्रॉनी हिला. घर तिला मिळणार, असे सगळे धरून चालले आहेत. आता नीट वाचा.

गेल्या मोसमात टालग्रिन गावाच्या संघाविरुद्ध ब्रॉनीने ताहलिया क्राउच या मुलीला कमरेत धरून पाडले. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला असे पाडता येते; नियमात बसणारी पकड होती, मी कॅन्टीनच्या खिडकीतून पाहिली. पण ताहलियाचा हात अडकला आणि डोके जमिनीवर आपटले. ब्रॉनीला तीन आठवडे बंदी. त्याच सामन्यात टालग्रिनच्या केल्सी व्होग्टने आमच्या एकीच्या तोंडावर चक्क कोपर मारले. आमची उठून पळाली, म्हणून केल्सीला नुसती समज.

मी रॉसला फोन लावला. "अरे, हा कुठला न्याय?"

"अगं, दुखापत किती झाली त्यावर शिक्षा ठरते. नियमच आहे तसा."

"म्हणजे कोपर मारलेलं चालतं, फक्त समोरची टणक हवी?"

"नोरी, तू आपली कॅन्टीन सांभाळ."

ताहलियाने शिस्तमंडळाला फोनवर सांगितले की तिला काहीच आठवत नाही. तिघे मेंबर एकमेकांकडे बघून हसले. पढवलेली आहे म्हणे! इतकी वर्षे मार खाल्लेले यांच्यासमोर खोटे बोलले, आणि एक पोरगी खरे बोलली तर यांना पटेना. कपाळ माझे.

ब्रॉनीचा अंतिम सामना गेला. सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य खेळाडूचे पदकही गेले, कारण शिक्षा झालेल्याला ते मिळत नाही. मते तिलाच सर्वाधिक होती. पदक कोणाला मिळाले? केल्सी व्होग्टला. सर्वांत सभ्य! निकाल चुकीचा होता, हे मी मरेपर्यंत म्हणेन आणि इथे लिहून ठेवते, म्हणजे मेल्यावरही म्हणेन.

महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. अपील, सह्या, भांडणे. मी ब्रॉनीला म्हटलं, "जरा त्या पोरीला बघून ये."

"मी कशाला जाऊ, आजी? गेले तर चूक कबूल केल्यासारखं होईल. क्लबनेही नको म्हटलंय."

मग मीच व्हॅनिला स्लाइस, म्हणजे कस्टर्डच्या वड्या, करून टालग्रिनला गेले. भर दुपारी पडदे ओढलेले. ताहलिया वीजजोडणीचे काम शिकत होती; आता तिला शिडीवर चढवत नाही, उजेड सोसत नाही, दोन ओळी वाचल्या की उलटी होते. मेलबर्नच्या डॉक्टरांकडे न्यायला तिच्या आईला दर वेळी कामावर खाडा करावा लागतो. आणि ही पोर मला विचारते, "ब्रॉनीची फायनल हुकली ना? फार वाईट वाटलं हो मला."

सबब, माझे राहते घर आणि बँकेतील सर्व शिल्लक मी ताहलिया क्राउच हिला देत आहे. घर विकावे, भाड्याने द्यावे की राहावे, तिची मर्जी.

ब्रॉनी, तू रागावशील. आणखी एक निकाल तुझ्या विरुद्ध गेला, असे म्हणशील. मी तुला दोषी ठरवलेले नाही, बाळ. तुझी चूक नव्हती. पण तुझे तीन आठवडे संपले, तिचे अजून चालू आहेत, आणि ते कधी संपणार हे ठरवणारे कुठलेही मंडळ नाही.

कलम ५. हॉर्शमचे वकील श्री. फॅनिंग यांनी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. घराची किल्ली मात्र त्यांनी पाठवू नये. ती ब्रॉनीने स्वतः टालग्रिनला जाऊन ताहलियाच्या हातात द्यावी. तिथे काय बोलायचे ते मी लिहून देत नाही. दार उघडले की तिला सुचेल.

सही: नॉरीन आयव्ही पेट्शेल

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना बाईंनी स्वतः वाचून, आमच्यासमोर सही केली:
१. मर्विन गॅस्क, गव्हाचे कोठार, बेरिनूक
२. इल्सा ट्रेगर, परिचारिका, बेरिनूक

बेरिनूक, १४ मार्च २०२४