दोन मिनिटांची आई

आई, गेल्या महिन्यात निपाणीला जाऊन आले. आपल्या घरापर्यंत नाही गेले, दोन गल्ल्या अलीकडंच थांबले. तू गेल्याला चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी त्या भागात पाय ठेवला नव्हता. आता गेले ती कामासाठी, माझ्या विद्यार्थ्यांबरोबर. मी बेळगावात कॉलेजात शिकवते हे तू गल्लीभर सांगायचीस, पण काय शिकवते ते मला तुला कधी नीट सांगता आलं नाही. पिक्चर कसा काढायचा ते शिकवते म्हटलं की तू म्हणायचीस, "त्येबी शिकाय लागतंय व्हय?" आणि पुढची विडी वळायला घ्यायचीस.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एक काम देते. अख्खा पिक्चर नको, फक्त सुरुवात करून आणा. दोन मिनिटं, संवाद नकोत, मोबाईलवर काढलंत तरी चालेल. पण आधी एकेक शॉट कागदावर आखून दाखवायचा. यंदा एका मुलीनं वहीच्या मागच्या पानांवर चौकोन पाडून चित्रं काढून आणली. पहिल्या चौकोनात ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं, दुसऱ्यात कात्री, तिसऱ्यात मांडीवरचं सूप आणि सुपात तंबाखू. मी विचारलं, "हे कुठं बघितलंस?" ती म्हणाली, "घरात, मॅडम. माझी आई निपाणीत विड्या वळती." भरलेला वर्ग होता. तिनं आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. खरं तर मला कौतुक वाटायला हवं होतं. तोंडानं मी "छान" म्हटलंही. पण आतून मला त्या पोरीचा हेवा वाटला, असा की तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये न जाता जिन्यातच थोडा वेळ उभी राहिले.

कारण तिच्या वयाची असताना मीही हेच काम केलं होतं, आणि ते कसं केलं होतं ते तुला माहीत आहे. आम्ही चौघी होतो. गोष्ट मी लिहिली होती आणि ती तुझ्यावरच होती: सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई. पण लिहिता लिहिता विड्यांच्या जागी मी तांदूळ निवडणं घातलं. मग जागा ठरवायची वेळ आली तेव्हा टिळकवाडीतल्या मैत्रिणीचा बंगला ठरला, आणि बाई म्हणून तिची आई. त्या स्वयंपाकघरात खिडकीतून ओट्यावर ऊन येत होतं. तिच्या आईनं आम्हाला आधी शिरा दिला, मग तीन साड्या दाखवून कुठली नेसू म्हणून विचारलं, आणि आम्ही सांगितलं तिथं, सांगितलं तितका वेळ बसून राहिली. मला त्या मैत्रिणीचा इतका हेवा वाटत होता! बंगल्याचा नव्हे. जिची आई हातात काही काम नसताना नुसती लेकीसाठी बसू शकते, त्या लेकीचा. त्या दोन मिनिटांपुरती ती माझी आई आहे असं मी मनात धरून चालले होते, हे आज तुला सांगते.

पुढं त्याची सीडी घेऊन मी घरी आले. शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर सगळ्या बायका जमल्या, तूही पदराला हात पुशीत येऊन दाराशी बसलीस. काकूंनी विचारलं, "ही कोण गं?" मी म्हटलं, "आई. पिक्चरातली." दोन मिनिटं संपली. सगळ्या चांगलं चांगलं म्हणाल्या. तू एवढंच म्हणालीस, "ती बाई सूप उलटं धरलीया." बायका हसल्या, मला राग आला. रात्रीच्या भाकऱ्या थापताना मात्र तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "मला सांगितलं असतंस तर मी आलो असतो की." आपल्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो, कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सगळे मला त्यावरून हसले होते आणि मी घाईनं आले-गेले करायला शिकले होते. मी तुला म्हटलं, "तुला जमलं नसतं." तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "काय, सूप धराय?" म्हणालीस. तो विषय आपल्यात पुन्हा कधी निघाला नाही.

तर निपाणीत त्या वहीवाल्या मुलीच्या घरी आम्ही गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात तिची आई सूप घेऊन बसलेली. आई, ती माझ्याच वयाची बाई निघाली. मी उगाच म्हातारी बाई डोळ्यासमोर धरून गेले होते. वर्गातली एक मुलगी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उजेड हातांवर टाकत होती, दुसरी कन्नडमधून तिला डावीकडं, उजवीकडं सांगत होती, आणि ती पोरगी जमिनीवर पालथी पडून मोबाईल रोखून होती.

"आई, हळू वळ गं. हात दिसंनात."

"हळू वळलो तर सैल हुतीया. किती येळ एकच विडी करायची?"

"आणि एकदाच."

"मघापासनं एकदाच म्हणालीस!"

असं चालू होतं. ती आईला दटावत होती आणि आई ऐकत होती. पाचव्या की सहाव्या खेपेला बाईनं विडीचं तोंड मुडपलं, दोरा गुंडाळला आणि एकदम मान वर करून मोबाईलकडं बघत विचारलं, "झालं का गं?" आणि हसली. समोरचे दोन दात नव्हते. पोरगी ओरडली, "मॅडम, हेच शेवटी ठेवूया! हितंच पिक्चरचं नाव येऊ दे!"

तिचं बरोबर होतं. इतक्या वर्षांत कुणा विद्यार्थ्यानं याहून चांगली सुरुवात माझ्यासमोर आणली नव्हती. आणि मी म्हणाले, "नको. कॅमेऱ्याकडं बघितलं की चूक दिसते. शिवाय संवाद नकोत असं ठरलंय. चेहरा काढून टाक, नुसते हात ठेव." कारणं सगळी पुस्तकातली होती. पण मला त्या वेळी फक्त तो चेहरा नको होता. तुझा हलता-बोलता चेहरा माझ्याकडं कुठंच नाही, रेशनकार्डावरचा आणि माझ्या लग्नातला, असे दोनच फोटो. आणि हिच्याकडं तो असा फुकट, हसत हसत पडलेला. पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि "बरं, मॅडम" म्हणाली.

पंधरा दिवसांनी कॉलेजात सगळ्यांची कामं दाखवली. घरच्यांनाही बोलावलं होतं. तिची आई सकाळच्या गाडीनं आलेली, इस्त्रीची साडी, शेवटच्या बाकावर अवघडून बसलेली. पडद्यावर तिचे हात आले, पानं कापली, विडी वळली, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावरही ती पडद्याकडं बघत राहिली. मग बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "बाई, माझं त्वांड न्हाय व्हय त्यात?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मी म्हटलं, "होतं. मी काढायला लावलं. चुकलं माझं." तिनं तोंडावर पदर धरला. "ऱ्हाऊ द्या. दात पडल्यात माझं," म्हणाली. पण पुन्हा हसली नाही.

मी पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, तो शेवटचा शॉट परत जोड. ती म्हणाली, "तो डिलीट झाला, मॅडम. मोबाईलात जागा नव्हती." मी काय करून बसले ते माझं मला कळत होतं. ती मात्र माझ्या तोंडाकडं बघून गोंधळली आणि मलाच समजावायला लागली, "परत काढूया की, मॅडम. आई कुठं जाती?"

आई कुठं जाती. इतकं सहज म्हणाली ती. एवढी माफी मागून, एवढं ओशाळूनसुद्धा, त्या वाक्यासरशी मला पुन्हा तोच हेवा वाटला, आधीपेक्षा जास्त. मी तिला म्हटलं, "जा, या रविवारीच काढ. पुढच्या रविवारवर टाकू नकोस." तिला वाटलं असेल, मॅडम मार्कांसाठी एवढं म्हणताहेत.

तिनं काढला. पहिल्यासारखा नाही आला. बाईला आता माहीत होतं की वर बघायचं आहे, त्यामुळं ती जरा लवकरच बघते आणि जास्तच हसते. तरी चांगला आहे. मी पूर्ण मार्क दिले.

हे लिहून कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. एक तेवढं सांगायचं राहिलं. तो शॉट मी तिच्याकडून माझ्या मोबाईलवर मागून घेतला आहे, आणि आठवडाभर रोज एकदा तरी बघते. तिला सांगितलं, विभागाच्या फाईलला लावायचा आहे. अशी काही फाईल आमच्याकडं नाही.