मधल्या रकान्यातले तीन गुण

मी, बादल चुडामण पाटील, वय तेवीस, राहणार सोनगीर, तालुका व जिल्हा धुळे, धंदा झेरॉक्सच्या दुकानात नोकरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. लहानपणीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली असून येत्या सोमवारी नाशिकला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला आहे. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही. डोक्यातही आहे असे माझे वडील, आबा, म्हणतात, पण तो वैद्यकीय अभिप्राय धरू नये.

मी बरा होऊन परत आलो तर हा कागद फाडावा. नाही आलो तर खाली लिहिल्याप्रमाणे करावे.

कलम १. बँकेत माझ्या नावावर जे काही निघेल ते माझी माय इंदिराबाई हिला मिळावे. तिने त्यातून माझे दिवस घालू नयेत. गुडघ्यावर उपचार करून घ्यावेत. घर व शेत आबांचे आहे, त्यावर माझा शब्द चालत नाही. आबा, मी कॉलेज सोडले त्या दिवशी तुम्ही ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणालात, "कॉलेज सोडं, आते काय म्हशी चारशी?" त्याचा राग मी आजपर्यंत धरून होतो. तो कोणालाही न देता इथेच संपवतो.

कलम २. माझा लंबक, म्हणजे पितळी गोळा, दोरा आणि मी विकत घेतलेले स्टॉपवॉच, हे जळगावच्या कॉलेजातील आमच्या प्रात्यक्षिकाच्या सरांना द्यावे. नाव लिहीत नाही, त्यांना कळेल. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत माझ्या लंबकावरून गुरुत्वाकर्षणाचे उत्तर नऊ पॉइंट दोन आले. सर म्हणाले, "नऊ पॉइंट आठ लिही आणि मोकळा हो." मी म्हणालो, जे आले तेच लिहीन. आवाज चढला, मी बॅग उचलली आणि थेट धुळ्याची एसटी धरली. पुढे एका मुलीने हे ऐकून मला फक्त एवढेच विचारले, "दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजला होतास की हुकापर्यंत?" हुकापर्यंत. सर, हा एक प्रश्न तुम्ही विचारला असता तर मी आज पदवीधर असतो. मला काय येते हे तुम्ही मोजलेच नाही, माझा आकडा पुस्तकाशी जुळतो का तेवढे पाहिले. लंबक घ्या आणि पुढच्या मुलाला तो प्रश्न विचारा.

कलम ३. माझी मोटरसायकल मित्र नथ्थू भिल याला द्यावी, असे मी प्रथम लिहिले होते. वकिलांनी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. नथ्थूला म्हटले, एक निवड. तो बराच वेळ गाडीच्या सीटवरून हात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "आन पेन. मले गाडी नही पाहिजे. तू परत येशी आन् तूच चालावशी." म्हणून गाडीचे कलम रद्द. तिचे काय करायचे ते मला सुचत नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. माझ्या खाटेखाली हिरवी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दोन मडकी, चिंचोक्यांची पिशवी, सेल, वायर, छोटे बल्ब आणि यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेतील मुलांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे आहेत. आबा दर दिवाळीला म्हणतात, "हाई बठ्ठं रद्दी शे, दी टाक." देऊ नये. ही पेटी कुमारी शीतल अमृत सोनवणे, राहणार पाचोरा, हिला द्यावी.

कारण लिहितो, नाहीतर लोक भलतेच बोलतील.

शीतल धुळ्यात एम.एड. करत होती. मुले विज्ञान किती शिकतात आणि त्यांना ते आवडते का, हे मोजण्यासाठी तिने एक चाचणी आणि एक मापनश्रेणी तयार केली होती. एकेक विधान, पुढे पाच रकाने : पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्ण असहमत. ती प्रती काढायला आमच्या दुकानात आली. मशीन चालू असताना मी वाचत होतो.

"मॅडम, हे अकरावे विधान पोरांना कळणार नाही."

"तुम्ही झेरॉक्स काढा."

मी काढल्या. दुसऱ्या दिवशी ती परत आली, अकरावे विधान बदलून. मला तिथेच काय व्हायचे ते झाले.

गुण कसे देतात ते तिने काउंटरवर कोपर टेकून मला शिकवले. 'विज्ञान मला आवडते' याला पूर्ण सहमत असेल तर पाच, पूर्ण असहमत असेल तर एक. विधान उलटे असेल, 'विज्ञान कंटाळवाणे आहे' असे, तर गुणही उलटे.

आश्रमशाळेत गठ्ठे उचलायला मी बरोबर गेलो. मुलांनी भरलेले कागद पाहून शीतल रडकुंडीला आली. विज्ञान आवडते, पूर्ण सहमत. विज्ञान कंटाळवाणे आहे, तेही पूर्ण सहमत. एकूण एक, बठ्ठ्यांचे बठ्ठे तसेच. मी सातवीतल्या रेशमा नावाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारले, असे का गं? ती माझ्याकडे मीच वेडा असल्यासारखी बघत म्हणाली, "ताई इतक्या लांबून आल्या. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?"

म्हणजे पोरे खोटे बोलली नव्हती. त्यांनी पाहुणचार केला होता.

मग मी यावलच्या बाजारातून दोन मडकी आणली. एकाच्या गळ्यात लाल दोरा, म्हणजे कंटाळा. रिकाम्या वर्गात एकेकाने जायचे, चिंचोका टाकायचा, बाहेर यायचे. कोणी बघणार नाही, पाहुणा दुखावणार नाही. लाल दोऱ्याचे मडके जड झाले. नंतर सेल, वायर, बल्ब पुढे ठेवले आणि म्हटले, पेटवा. लेखी चाचणीत रेशमाचा विजेचा प्रश्न कोरा होता. तिने वायरचे टोक दातांनी सोलले आणि बल्ब पेटवला. जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठेना. शीतल म्हणाली, "बादल, त्यांना विज्ञानाचा कंटाळा नाही रे. फळ्याचा आहे."

परतीच्या बसमध्ये, केळीच्या बागा मागे जात असताना, मी तिला विचारले. जे विचारायचे ते. तिने पिशवीतून एक कोरी प्रश्नावली काढली, माझ्यापुढे धरली आणि मधल्या रकान्यावर बोट ठेवले. अनिश्चित. मग खिडकीबाहेर बघत बसली. बोट मात्र तिने बराच वेळ उचलले नाही.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, मडक्यात चिंचोके टाकणे म्हणजे संशोधन नव्हे, विश्वसनीयता कुठे, वैधता कुठे, त्या शाळेचे कागद वगळा. मी त्यांच्या केबिनमध्ये घुसलो आणि टेबलावर हात आपटून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यांनी तिचा प्रबंध अडवला. ती दुकानात शेवटची आली तेव्हा म्हणाली, "तू माझ्यासाठी नाही भांडलास. तू तुझ्या त्या लंबकासाठी भांडलास." कागद तिने काउंटरवर ठेवले. त्या शाळेशिवाय प्रबंध पूर्ण केला. पुन्हा आली नाही.

म्हणून पेटी तिची. अट काहीही नाही. माझ्या आजाराचे तिला कळवलेले नाही, कळवूही नये. दयेने दिलेले उत्तर म्हणजे पुन्हा तोच पाहुणचार. पेटी पोचेल तेव्हा मी विचारणारा नसेन, म्हणजे ती खरे तेच म्हणेल. एवढीच विनंती, की जमेल तेव्हा ती पेटी घेऊन एकदा त्या शाळेत जावे. रेशमा आता नववीत असेल. त्या पोरांनी दिलेले उत्तर कुठेतरी धरले गेले पाहिजे.

आणि शीतल, एक हिशेब तूच शिकवलेला. विधान सरळ असो की उलटे, पाचाचा एक होतो, एकाचा पाच होतो. अनिश्चितचे मात्र तीनच राहतात. कुठूनही मोजा, तीन. शून्य नाही. सोमवारी मी ते तीन घेऊन आत जात आहे.

हा कागद मी वाचून, समजून, त्यावर साक्षीदारांसमोर सही केली.

बादल चुडामण पाटील

साक्षीदार :
१. डॉ. ममता देवरे, धुळे. लिहून देणारा शुद्धीवर असून विचारपूर्वक बोलतो, अशी खात्री केली.
२. नथ्थू भिल, सोनगीर. सही केली. गाडीत पेट्रोल भरून ठेवलं शे.

ठिकाण : धुळे
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५